रेड ऑक्साइडचा पूल : आयर्नब्रिज, श्रॉपशायर

ठिकाण इंग्लंडमधलं, सेव्हर्न नदीवरचं. पूल बघायला पैसे पडत नाहीत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे हा कोण शहाणा असं कुणाला वाटायला नको. मी कोल्हापूरचा. चाळीस वर्षं बीडाचं ओतकाम केलं. (बीड म्हणजे कास्ट आयर्न. जिल्हा नव्हे. मुलीच्या इथल्या मैत्रिणीचा खरंच गोंधळ झाला होता.) उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली, नंतर शिरोलीला गेलो. इंजिनांची फ्लायव्हील, पंपाच्या बॉड्या, उसाच्या चरकाच्या लाटा, जे मिळेल ते ओतलं. आता फौंड्री पुतण्या बघतो आणि मी सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असतो. पुलातलं मला काही कळत नाही. बीडातलं थोडं कळतं.

मुलगी-जावई वुल्व्हरहॅम्प्टनला असतात. तिथून गाडीनं हे गाव जवळ आहे. जावईबापू तीन वर्षं म्हणत होते, "बाबा, तुम्हाला तो पूल दाखवायचाय." मी दर वेळी टाळत होतो. पूल काय बघायचा? आमच्या पंचगंगेवर आहे की शिवाजी पूल. शेवटी यंदा मे महिन्यात एका रविवारी निघालो. मुलीनं धपाटे आणि दही बांधून घेतलं, हा या प्रवासातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय ठरला.

गाव एका घळीत आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर एकदम खाली उतरतात, मध्ये नदी, आणि उत्तरेच्या उतारावर लाल विटांची घरं एकावर एक रचल्यासारखी. वळण घेतलं आणि पूल समोर आला. माझं पहिलं वाक्य होतं, "अरे, ह्यांनी नुसतं रेड ऑक्साइड मारून ठेवलंय. फिनिशिंग कोट राहिला काय?"

जावई हसायला लागले. त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पूल राखाडी होता म्हणे. नंतर कळलं ते असं. २०१७-१८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, ३६ लाख पौंडांची, आणि त्यात जर्मनीतल्या एका प्रतिष्ठानाचेही पैसे होते. त्या वेळी रंगाचे जुने थर तपासले, तर सगळ्यात खाली हा गडद तांबूस-तपकिरी निघाला. म्हणजे १७७९ साली ज्यांनी पूल उभा केला त्यांनीच तो असा रंगवला होता. राखाडी नंतरच्या लोकांचा. आमच्या शेडमध्ये कास्टिंग फेटलिंग (म्हणजे घासून-तासून साफसफाई) होऊन आलं की गंज धरू नये म्हणून पहिला हात ज्या रंगाचा मारतो, तसाच. त्यामुळे मला तर तो तयार पूल वाटलाच नाही. डिस्पॅचच्या आधी अंगणात उभा करून ठेवलेला माल वाटला. यात मी टीका करत नाही. माझ्या डोळ्याला इतका ओळखीचा रंग परदेशात दुसरा कुठे दिसला नव्हता.

मग कमानीच्या बाहेरच्या बरगडीवरची अक्षरं वाचली. मोठी, ओतीव, उठावाची. मजकूर इतकाच की हा पूल कोलब्रुकडेल इथे ओतला आणि अमुक साली उभारला. साल रोमन आकड्यांत, म्हणजे १७७९. कुणा राजाचं नाव नाही, कुणाच्या शुभहस्ते नाही. 'ओतला' हे क्रियापद मात्र आहे. आमच्याकडे धरणापासून बसथांब्यापर्यंत संगमरवराच्या पाट्यांवर किती नावं असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या धंद्याचा शब्द एवढ्या मोठ्या अक्षरांत मी आजवर फक्त बिलावर पाहिला होता.

पुलावरून सगळे चालत जातात, फोटो काढतात आणि आईस्क्रीम खायला जातात. तुम्ही तसं करू नका. दक्षिण काठाला जा, खाली उतरा आणि कमानीच्या पोटात बघा. खरा पूल तिथे आहे.

एका अंगाला लागून एक अशा पाच कमानी आहेत. प्रत्येक मोठी बरगडी दोन तुकड्यांत, म्हणजे असे दहा तुकडे. एकेक तुकडा सुमारे ७० फूट लांब आणि वजन साडेपाच टनांच्या आसपास. नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत कमान १०० फूट ६ इंच. सगळं मिळून ३७८ टन बीड आणि लहानमोठे मिळून सुमारे १७०० नग. आता सांध्यांकडे बघा. कमानीच्या माथ्यावर अर्ध्या बरगड्या जोडायला बोल्ट आहेत, बाकी मूळ कामात नटबोल्ट शोधूनही सापडणार नाही. रिव्हेट नाही. वेल्डिंगचा तर प्रश्नच नाही. एका तुकड्याला भोक, दुसऱ्याला त्यात बसणारं कूस, आणि आरपार ठोकलेली पाचर. काही ठिकाणी चक्क डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखा पसरट खाचेचा सांधा. सुताराचे सांधे आहेत हो! आमच्या घरच्या जुन्या माडीच्या तुळया अशाच बसवलेल्या होत्या. इथे फक्त सागवानाच्या जागी बीड.

त्याचं कारण सोपं आहे. बीडाचा एवढा मोठा पूल त्याआधी जगात कुणी बांधलेला नव्हता. बीडाचे सांधे कसे करावेत हे सांगणारा गुरूच नव्हता. मग ज्याला जे येत होतं ते त्यानं केलं. मूळ कल्पना श्रूसबरीचा वास्तुविशारद थॉमस फार्नॉल्स प्रिचर्ड याची. त्यानं १७७३ मध्ये जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराला ती लिहून कळवली. ओतण्याचं आणि उभारण्याचं काम अब्राहम डार्बी तिसरा यानं अंगावर घेतलं. आणि सांध्यांचे बारकावे थॉमस ग्रेगरी या डार्बीकडच्या मुख्य पॅटर्नमेकरनं (साच्यासाठी नगाचा लाकडी नमुना करणारा) ठरवले असं मानतात. हे नाव वाचल्यावर मी तिथल्या बाकावर बसलो. फौंड्रीत मालकाचं नाव पाटीवर असतं, रेतीचे साचे करणाऱ्या मोल्डरला लोक ओळखतात, भट्टीवाल्याला सगळे घाबरतात. पॅटर्नमेकर कोपऱ्यात लाकूड तासत बसलेला असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण नग चुकला की सगळे त्याच्याकडे धावतात. पॅटर्नमेकर म्हणजे हाडाचा सुतार. त्याच्या हातून डव्हटेलच येणार, दुसरं काय येणार?

खालून बघताना मला आणखी एक गोष्ट खटकली. बरगडीचं एक अंग स्वच्छ आणि दुसरं खडबडीत, पुरळ उठल्यासारखं. मी फोनवर फोटो काढले आणि आमच्या मिस्त्रींना पाठवले. मिस्त्री माझ्याकडे बत्तीस वर्षं मोल्डर होते. आता कागलजवळ गावी शेती बघतात आणि दिवसभर व्हॉट्सॲपवर सुप्रभात पाठवतात. पाच मिनिटांत फोन.

"मालक, ह्येला वरचा बॉक्स न्हवता." (साच्यावर झाकणासारखा ठेवतात तो.)

"कशावरून?"

"वरचं त्वांड बघा की. रस उघड्यावर थंड झालाय. जमिनीत रेती करून, वरनं सोडून दिलाय. हितं गॅस निघून गेलाय बघा, बुडबुडं फुटल्यात."

दुसऱ्या दिवशी वाचनात आलं की संशोधकही याच निष्कर्षाला आलेत. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी अर्ध्या मापाचा पूल उभारून पाहिला. मोठ्या बरगड्या जमिनीतल्या उघड्या रेतीत, लाकडी पॅटर्नचा ठसा घेऊन ओतल्या असाव्यात, असं त्यातून निघालं. मोजमाप घेतल्यावर आणखी एक गंमत कळली. एकसारखे दिसणारे तुकडे एकसारखे नाहीत. एकमेकांपेक्षा काही सेंटिमीटरनं कमी-जास्त आहेत, कारण शेजारच्या तुकड्याला बसेल असा प्रत्येक तुकडा बेतून घेतलेला आहे. आमच्याकडे असा माल गेला असता तर गेटवरूनच परत आला असता, वर डेबिट नोटसह. इथे त्याला जागतिक वारसा म्हणतात. हे मी हसून लिहितोय, पण मला ते मनापासून पटतंही. १७०० नग एकाच साच्याचे असते तर तो नुसता माल झाला असता. इथे प्रत्येक नगाला 'तुझ्या शेजारी कोण आहे' असं विचारून ओतलंय.

मिस्त्रींना फोटो पाहून पाच मिनिटांत जे कळलं, त्यासाठी इतर लोकांनी पूल उभा करून पाहिला याचा त्यांना अजून अभिमान आहे. मी त्यांना हवा देत नाही.

आता हा पूल इथेच का, हे सांगायला हवं. याच घळीत डार्बीच्या आजोबानं, पहिल्या अब्राहम डार्बीनं, १७०९ मध्ये दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळून दाखवलं. तोवर लाकडाचा कोळसा लागायचा आणि जंगलं संपत चालली होती. हा पहिला डार्बी मूळचा भांड्यांचा माणूस. रेतीच्या साच्यात बीडाची पातेली ओतण्याचं पेटंट त्यानं १७०७ मध्ये घेतलं होतं. स्वस्त पातेली विकायची होती, म्हणून स्वस्त बीड हवं होतं, म्हणून कोक. त्यातून पुढे इंजिनांचे सिलिंडर, रूळ आणि हा पूल. आमच्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बीडाचा नांगर केला, त्यासारखंच. नांगर विकायचा म्हणून ओतायचं, आणि ओतता येतंय म्हणून मग बाकीचं सगळं. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी किर्लोस्करांना जुन्या तोफा वितळवायला दिल्या, ही गोष्ट आमच्या उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर अजून सांगितली जाते.

तर या घळीत एवढे कारखाने, खाणी, भट्ट्या. आणि नदी ओलांडायला नावा. पावसाळ्यात, म्हणजे त्यांच्या हिवाळ्यात, नदी फुगली की नावा बंद. दगडी पूल बांधायचा तर नदीत खांब येणार, आणि नदीतून मालाच्या शिडाच्या होड्यांची रांग चाललेली. काठ तर असे भुसभुशीत की कुठे खचतील नेम नाही. म्हणून एकच कमान, उंच, नदीत पाय न टाकणारी. बीड दाबाला राजा आहे आणि ताणाला काच. हातोड्यानं कोपऱ्यावर ठोकलं की तुकडा उडतो, पण वर हत्ती उभा केला तरी हूं नाही की चूं नाही. कमानीत सगळा भार दाबाचाच असतो. म्हणून कमानीला बीड आणि बीडाला कमान.

१७७९ च्या जुलैमध्ये पहिल्या बरगड्या चढवल्या. होडीतून आणून, लाकडी खांब आणि दोरखंड लावून वर उचलल्या. हे कसं केलं याबद्दल दोनशे वर्षं नुसते तर्क चालले होते. १९९७ मध्ये स्टॉकहोममध्ये एलियास मार्टिन या चित्रकाराचं एक लहानसं जलरंगातलं चित्र सापडलं. त्यात अर्धवट उभा पूल, होड्या, लाकडी सांगाडा, सगळं काढलेलं होतं. कामाच्या वेळी एक माणूस नुसता बघत बसला होता म्हणून आपल्याला कळलं. वाहतूक सुरू झाली १ जानेवारी १७८१ ला. प्रिचर्डनं यातलं काहीच पाहिलं नाही; तो १७७७ च्या डिसेंबरात गेला.

डार्बी तेव्हा तिशीच्या आत होता. अंदाज ३२०० पौंडांचा होता, खर्च ६००० च्या घरात गेला, आणि वरचा बोजा त्याच्या डोक्यावर आला. पुढची दहा वर्षं कर्ज फेडत राहिला आणि १७८९ मध्ये, ३९ व्या वर्षी वारला. हे वाचून माझ्या पोटात कालवलं. पहिल्या मोठ्या ऑर्डरचं कोटेशन मीही असंच केलं होतं. मशीनिंग धरायलाच विसरलो. ती ऑर्डर आम्ही पूर्ण केली, आणि बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. डार्बीच्या बायकोचं काय झालं असेल असं सौंनी पुलावर उभं राहून विचारलं. मी विषय बदलला.

जाहिरात मात्र त्यानं जोरात केली. १७८० मध्येच विल्यम विल्यम्सकडून पुलाचं चित्र काढून घेतलं. पुलाच्या तोंडाशी भागधारकांनी हॉटेल उभं केलं, त्याला पाहुणे मिळाले, बाजार भरायला लागला, आणि आधी नसलेलं गाव पुलाच्या नावानंच वसलं. गावाला पूल असतो, इथे पुलाला गाव आहे.

पलीकडच्या टोकाला टोलचं घर आहे, लहानसं. तिथला टोलचा दरफलक जरूर वाचा. पायी जाणाऱ्याला अर्धा पेनी. वासरू, डुक्कर, मेंढी यांनाही अर्धा पेनी. म्हणजे माणूस आणि मेंढी एका भावात. आणि खाली ताकीद दिली आहे की पूल खाजगी मालकीचा आहे, तेव्हा कामावरचा असो वा नसो, प्रत्येक शिपाई-अधिकाऱ्यानं, टपालगाडीनं आणि राजघराण्यानंसुद्धा टोल द्यायचा. हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं. जावईबापूंनी विचारलं, "आपल्याकडे टोलवर व्हीआयपींची यादी केवढी असते, बाबा?" मी म्हटलं, फलकावर मावली म्हणजे मिळवलं. कोल्हापूरकरानं टोलबद्दल जास्त बोलू नये. आमचं टोलचं आंदोलन सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

पुलाची परीक्षा १७९५ च्या फेब्रुवारीत झाली. सेव्हर्नला महापूर आला, आणि नदीवरच्या पुलांपैकी हा एकटा धक्का न लागता उभा राहिला. पाण्याला अडवायला याच्याकडे भिंतच नव्हती, सगळी जाळी. पाणी आरपार गेलं. कोल्हापूरचा २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लगेच वरच्या अंगाला बिल्डवास इथे थॉमस टेल्फर्ड या अभियंत्यानं १७९६ मध्ये दुसरा बीडाचा पूल बांधला. कमान १३० फुटांची, म्हणजे मोठी, आणि बीड १७३ टन, म्हणजे निम्म्याहून कमी. मधल्या सतरा वर्षांत लोक शिकले. ज्यानं पहिल्यांदा केलं त्यानं घाबरून दुप्पट माल घातला, आणि दुसऱ्यानं तो कमी करून नाव कमावलं. (शेजारचं टेल्फर्ड शहर त्याच्या नावाचं आहे. डार्बीच्या नावाचं शहर मला दिसलं नाही.) पण टेल्फर्डचा तो हलका, हुशार पूल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढून टाकावा लागला. घाबरून बांधलेला उभा आहे.

तसाच आणखी एक. टोलला कंटाळून खालच्या अंगाला लोकांनी १९०९ मध्ये बिनटोलचा पूल बांधला, काँक्रीटचा, नव्या युगाचा. तो थकला, आणि १९९४ मध्ये त्याच्या जागी नवा आला. जुन्या बीडाच्या पुलावर १९३४ साली गाड्या बंद केल्या आणि त्याच वर्षी तो संरक्षित स्मारक ठरवला. पायी चालणाऱ्यांचा टोल मात्र १९५० पर्यंत चालू होता!

हे १९३४ साल मला घरी येऊनही सोडत नव्हतं. गाड्या बंद करणं म्हणजे पूल मारणं नव्हे, हे त्यांना तेव्हा कळलं. आमच्या शिवाजी पुलाचं काय झालं? पूल दगडी, ब्रिटिश काळातला, देखणा. शेजारी पर्यायी पूल सुरू केला, आणि जवळ ब्रह्मपुरीची संरक्षित टेकडी म्हणून पुरातत्त्वाच्या कायद्यात काम अर्धवट अडकलं. वर्षानुवर्षं. तोवर सगळी रहदारी जुन्याच पुलावरून. २०१८ च्या जानेवारीत रात्री एक मिनीबस कठडा तोडून पंचगंगेत पडली आणि तेरा जीव गेले. टेकडीच्या वारशापायी नवा पूल थांबला आणि जुन्या पुलाच्या वारशाकडे कुणी पाहिलं नाही. आणि गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, २०२५ ला, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीनं कोसळला, चार माणसं गेली. जुन्या पुलाचे आपल्याकडे दोनच शेवट ठरलेले दिसतात. पडेपर्यंत वापरायचा, नाहीतर भंगारवाल्याला किलोवर द्यायचा. मी स्वतः भंगाराचं बीड आयुष्यभर विकत घेतलंय. त्यात कोणाकोणाचे कठडे, जिने आणि खांब भट्टीत गेले असतील, तेव्हा बघितलं नाही. ओतीव पानाफुलांचा एक जिन्याचा कठडा आठवतो. मिस्त्री म्हणाले होते ठेवूया. मी वजन केलं आणि टाकला.

इंग्लंडातही सगळं आपोआप टिकलेलं नाही. डोंगराचे दोन्ही काठ नदीकडे सरकत होते आणि पूल चिमट्यात सापडल्यासारखा दाबला जात होता, मधून वर उचलला जात होता. सत्तरच्या दशकात त्यांनी नदीच्या तळाशी काँक्रीटची उलटी कमान घातली, दोन काठांना एकमेकांपासून लांब धरायला. ती पाण्याखाली आहे, दिसत नाही. दक्षिणेच्या लहान कमानी तर १८२१ च्या सुमाराच्या; आधी तिथे दगडी काम होतं, मग लाकूड, मग बीड. भेगाही आहेत, जवळून पाहिल्या तर दिसतात, पट्ट्या मारलेल्या. १९८६ मध्ये युनेस्कोनं सगळी घळच यादीत घेतली, ब्रिटनच्या अगदी पहिल्या यादीत.

वेळ असेल तर कोलब्रुकडेलला डार्बीची जुनी भट्टी बघा. काचेच्या पिरॅमिडखाली ठेवली आहे. भट्टीच्या तोंडावरच्या बीडाच्या तुळईवर अब्राहम डार्बीचं नाव आणि १७७७ साल ओतलेलं आहे. मी आत वाकून बघितलं. आमच्या क्युपोलाच्या (बीड वितळवायच्या उभ्या भट्टीच्या) विटांना जो काचेसारखा हिरवट-काळा थर धरतो, तो इथेही आहे. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही भट्टीला नमस्कार का केला?" मला कळलंही नव्हतं. हीट काढायच्या, म्हणजे भट्टी पेटवून रस ओतायच्या दिवशी आम्ही नारळ फोडतो, हात जोडायची सवय लागलेली. ब्लिस्ट्स हिलला जुनं गाव उभं केलंय, दुकानं, बँक वगैरे. पोरांना आवडतं, मला पायदुखीमुळे फारसं बघता आलं नाही.

आता अर्धा गुण. तिथल्या एका पार्किंगच्या यंत्रानं आमची नाणी गिळली आणि पावती दिली नाही. जावई वीस मिनिटं मोबाइलवर झगडत होते. जवळच्या एका कॅफेत चहा मागितला, तर कोमट पाण्यात पिशवी बुडवून दिली, आणि भाव ऐकून सौंनी तो अर्धा पेनीचा फलक पुन्हा आठवून दिला. बाकी सल्ला एवढाच : गावात चढउतार फार आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी. पाऊस असला तरी जा, ओल्या बीडाचा रंग जास्त खुलतो. सकाळी लवकर गेलात तर पुलावर तुम्ही आणि कुत्री फिरवणारे एवढेच असाल. आणि दुर्बीण असेल तर घ्या, वरच्या पाचरी त्याशिवाय दिसत नाहीत.

रात्री मिस्त्रींचा पुन्हा फोन आला. त्यांना झोप लागत नव्हती. तिथे पहाटेचे तीन वाजले असतील.

"मालक, समदं मिळून वजन किती म्हणालासा?"

"३७८ टन."

"आपन म्हैन्याला साठ टन काढत हुतो. सव्वासा म्हैनं लागलं असतं."

"आणि ती साडेपाच टनाची बरगडी, मिस्त्री? आपली क्रेन दोन टनाची."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "त्यांनी हुडीतनं उचलली म्हणालासा न्हवं? मग आपली शेड पंचगंगेच्या काठाला पायजे हुती."